वाघ पाहायचा की गर्दी?

मे महिन्यातला रविवार. नणंदबाई दोन्ही मुलांना घेऊन आठ दिवसांसाठी माहेरी आल्या होत्या. पाच वर्षांच्या भाच्याने आल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता, ‘‘मामी, वाघ कधी दाखवणार?’’ शेवटी रविवारचा बेत ठरला. पुरी-भाजी, चिवडा, कैरीचे पन्हे अशी जय्यत तयारी झाली. सर्वांच्या आंघोळी, नाश्ता, डबे भरणे यात साडेअकरा वाजले. प्राणिसंग्रहालयाच्या दारात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि तिकीट खिडकीपासून निघालेली रांग पार रस्त्यापर्यंत आली होती.

तिकिटे हातात पडायला पाऊण तास गेला. आत शिरलो तर जत्राच भरलेली. वाघाच्या पिंजऱ्यासमोर माणसांच्या पाच-सहा रांगा उभ्या. ह्यांनी भाच्याला खांद्यावर घेतले. लांब एका झाडाच्या सावलीत पट्ट्यापट्ट्यांची पाठ तेवढी दिसत होती. वाघाने उठावे म्हणून कोणी शिट्ट्या मारत होते, कोणी टाळ्या वाजवत होते. एका महाभागाने तर पाण्याची रिकामी बाटली आत भिरकावली. वाघ ढिम्म हलला नाही. भाच्याने खांद्यावरूनच विचारले, ‘‘मामा, वाघ मेलाय का?’’

आजूबाजूचे लोक हसले. आम्हीही हसलो. पण ते हसू फार वेळ टिकले नाही, कारण खाली पाहतो तो आठ वर्षांची भाची जागेवर नव्हती. पुढची वीस मिनिटे आमच्यापैकी कोणीही विसरणार नाही. हत्तीच्या आवारापाशी एका अनोळखी बाईंचा हात धरून ती रडत उभी होती. परतताना बसमध्ये नणंदबाई म्हणाल्या, ‘‘वहिनी, पुन्हा या बागेचे नाव काढायचे नाही.’’

पण भाच्याने वाघ पाहिलाच नव्हता. म्हणून जुलैमध्ये, दोघा मुलांच्या शाळेला मधल्या वारी सुट्टी मिळाली तेव्हा, मीच हट्टाने सर्वांना पुन्हा नेले. तेच प्राणिसंग्रहालय, तोच वाघ. मात्र वार गुरुवार होता, वेळ दार उघडण्याची होती आणि पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. वाघाच्या काचेसमोर आम्ही सोडून फक्त एक आजोबा होते. वाघ ओल्या गवतातून सरळ काचेपर्यंत आला, क्षणभर थांबला आणि वळून पाण्यात उतरला. भाच्याने माझा हात घट्ट धरला होता. तो इतकेच म्हणाला, तेही अगदी हळू, ‘‘मामी, त्याचे पाय केवढे मोठे आहेत!’’

त्या दिवशी आमचा खर्च मे महिन्यातल्यापेक्षा कमीच झाला. फरक होता तो नियोजनाचा. आपल्याकडे लग्नाची, तीर्थयात्रेची, परगावच्या प्रवासाची तयारी महिनाभर आधी होते. प्राणिसंग्रहालय मात्र ‘चला, आज सुट्टी आहे’ म्हणून गाठले जाते. नेमकी त्याच दिवशी सगळ्या शहराला सुट्टी असते. थोडा आधी विचार केला तर हीच सहल स्वस्तात मस्त होऊ शकते.

वार कोणता निवडाल?

सर्वात जास्त गर्दी रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना असते, हे सांगायला नको. शनिवारही आता रविवारइतकाच भरलेला असतो. म्हणून शक्यतो सोमवार ते शुक्रवारमधलाच एखादा दिवस निवडा. मात्र त्याआधी साप्ताहिक सुट्टी पाहा. बहुतेक प्राणिसंग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि प्रत्येक शहरात हा दिवस वेगळा असतो. मुंबईची राणीची बाग बुधवारी बंद, तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. ऐन वेळी बंद दाराशी रडणारी मुले घेऊन उभे राहण्यापेक्षा आधी चौकशी केलेली बरी.

हा बंद दिवस कर्मचाऱ्यांच्या केवळ विश्रांतीचा नसतो. त्या दिवशी पिंजऱ्यांची मोठी साफसफाई आणि दुरुस्ती होते. अनेक ठिकाणी वाघ-सिंहांसारख्या मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एकदा उपवास घडवतात, कारण जंगलातही त्यांना रोज शिकार मिळत नाही. हा उपवासही बहुधा याच दिवशी असतो. दिवसभर माणसांचा कलकलाट नसल्यामुळे प्राणी निवांत होतात. म्हणूनच सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ फार चांगली. मुंबई-पुण्यात गुरुवार, म्हैसूरला बुधवार, हैदराबादला मंगळवार हे हिशेब लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच एखादा सण आला तर काही ठिकाणी प्राणिसंग्रहालय त्या दिवशी उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. राणीच्या बागेत अनेकदा असे झाले आहे. अशा आठवड्यात नेहमीचा हिशेब चुकतो.

महिना आणि हंगाम

आपल्याकडे प्राणिसंग्रहालय म्हटले की मे महिना किंवा नाताळ आठवतो. नेमके हेच दोन काळ सर्वाधिक गर्दीचे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलीही निघतात. त्यामुळे या महिन्यांत मधल्या वारीही चार-चार बस भरून मुले आलेली असतात. जावेच लागले तर दार उघडताच आत शिरा, कारण सहलीच्या बस साधारण तास-दीड तासाने येऊ लागतात.

महाराष्ट्रात सर्वात मोकळा काळ म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतरचा पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा थंड असते, झाडे हिरवीगार असतात आणि प्राणीही उन्हाळ्यापेक्षा जास्त हालचाल करतात. छत्री, रेनकोट आणि घसरणार नाहीत अशा चपला एवढी तयारी पुरते. मुसळधार पावसाच्या इशाऱ्याचा दिवस मात्र टाळा.

परराज्यात जाणार असाल तर तिथल्या शाळांचे वेळापत्रक पाहा. कर्नाटकात शाळा साधारण मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, तर महाराष्ट्रात जूनच्या मध्याला. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या मुलांना सुट्टी असते आणि म्हैसूरची मुले वर्गात असतात! उलट दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला सारा देश लोटतो. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवशी पाय ठेवायला जागा नसते. चेन्नईजवळच्या वंडलूर येथे जानेवारीत पोंगलच्या सणात, विशेषतः काणुम पोंगलला, हीच अवस्था असते. दिल्लीच्या शाळांना मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत सुट्टी असते आणि त्यातच तिथला उन्हाळा. तेव्हा दिल्लीसाठी फेब्रुवारी किंवा मार्चमधला मधला वार उत्तम.

सकाळचे पहिले दोन तास

वाघ, सिंह, बिबटे हे पहाटे आणि तिन्हीसांजेला हालचाल करणारे प्राणी. दिवसाचा मोठा भाग ते झोपून काढतात. सिंह तर चोवीस तासांपैकी वीस तासांपर्यंत आराम करतो. त्यामुळे भर दुपारी पोहोचलेल्या माणसाला ‘मेलेला’ वाघच दिसणार, यात वाघाचा काय दोष?

दार उघडल्यापासूनचे पहिले दोन तास सोन्यासारखे समजा. पक्षी किलबिलत असतात, माकडे झाडांवर उड्या मारत असतात, हरणे चरत असतात. त्यासाठी रात्रीच तयारी करून ठेवा. मुलांचे कपडे काढून ठेवा, पाण्याच्या बाटल्या भरा, न्याहारी घरी न करता सोबत घ्या. घरून एक तास लवकर निघालात तर तिकडे रांगेतले दोन तास वाचतात. दिल्ली, मुंबईसह अनेक ठिकाणी आता ऑनलाइन तिकिटाची सोय आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आदल्या रात्री हे काम सांगा.

सकाळ जमलीच नाही तर दुपारी तीननंतर जा. सकाळी आलेली कुटुंबे तोवर थकून परतू लागतात आणि ऊन उतरल्यावर प्राणीही उठतात. मात्र तिकीट खिडकी बाग बंद होण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होते, हे विसरू नका.

आत गेल्यावर कोणत्या बाजूने?

माणसाची सवय अशी की दारातून आत शिरताच जो पहिला पिंजरा दिसेल तिथे तो थांबतो. म्हणून दाराजवळ कायम झुंबड असते. तुम्ही नकाशाच्या फलकासमोर दोन मिनिटे उभे राहा, सर्वात लांबचा किंवा सर्वात लोकप्रिय प्राणी कोणता ते पाहा आणि सरळ तिकडे चालू लागा. दाराजवळचे पिंजरे परतताना पाहता येतात.

मुंबईच्या राणीच्या बागेचेच उदाहरण घ्या. १८६२ पासूनच्या या बागेचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दक्षिण कोरियातून २०१६ मध्ये इथे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आणले गेले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. आजही सर्वात मोठी रांग त्यांच्याच दालनापाशी लागते. म्हणून आधी पेंग्विन, मग वाघ आणि उन्हे चढल्यावर बागेतली जुनी झाडे असा क्रम ठेवा. मुलांना हेही सांगा की हे पेंग्विन बर्फातले नाहीत, ते पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे आहेत. मुले ही माहिती शाळेत जाऊन सर्वांना सांगतात, असा माझा अनुभव आहे! राणीच्या बागेत प्राण्यांइतकेच मोल झाडांचे आहे. फुगीर बुंध्याची गोरखचिंच मुलांना जरूर दाखवा.

पुण्याचे कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालय तलावासह सुमारे १३० एकरांवर पसरले आहे. इथले सर्पोद्यान १९८६ मधले, तर प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झाले. पुढे पेशवे उद्यानातले प्राणीही इथेच आले. एवढ्या मोठ्या जागेत लहान मुले आणि आजी-आजोबा लवकर थकतात. म्हणून बॅटरीवरच्या गाडीने आधी लांबच्या टोकाला जा आणि प्राणी पाहत-पाहत पायी परत या.

म्हैसूरचे श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय १८९२ चे. तिथे मात्र प्रेक्षकांनी ठरलेल्या एकाच वाटेने फिरायचे असते, त्यामुळे उलट्या दिशेची युक्ती चालत नाही. तिथे सकाळी लवकर पोहोचणे हाच उपाय.

दुपारी काय पाहाल?

बारा ते तीनची वेळ उघड्यावर घालवू नका. डबा खाणे, विश्रांती आणि छताखालची दालने यासाठी ती राखून ठेवा. सर्पालय, मत्स्यालय अशा ठिकाणी दुपारीही फार फरक पडत नाही.

हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात तर दुपारसाठी खास जागा आहे. तिथे निशाचर प्राण्यांचे दालन असून त्यात दिवसा अंधार आणि रात्री प्रकाश ठेवतात. त्यामुळे घुबडे, वटवाघळे यांसारखे रात्री जागणारे प्राणी भर दुपारीही जागे दिसतात. बाहेर वाघ घोरत असताना इथे मुलांना हालचाल पाहायला मिळते.

सगळे पाहण्याचा हट्ट नको

तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत, या विचाराने आपण मुलांना एका पिंजऱ्याकडून दुसऱ्याकडे ओढत नेतो. वंडलूरचे अण्णा प्राणिसंग्रहालय सुमारे ६०० हेक्टरांचे आहे. ते एका दिवसात कसे पाहून होणार? मुलांना आदल्या रात्री पाच प्राणी निवडायला सांगा. प्रत्येकापुढे दहा-पंधरा मिनिटे थांबा. माकडीण पिल्लाला कशी धरते, हत्ती सोंडेने गवत कसे झटकतो, जिराफाची जीभ कोणत्या रंगाची आहे, हे पाहायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांत समोरची गर्दीही दोनदा बदलते आणि पुढची जागा आपोआप मिळते.

थोरल्या मुलाला वही-पेन्सिल द्या. प्रत्येक पिंजऱ्यावरच्या फलकावर प्राण्याचे खाणे, राहण्याचा प्रदेश, आयुष्य अशी माहिती असते. ती वाचून धाकट्यांना सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. तो ऐटीत ते काम करील आणि ‘आता आइस्क्रीम हवे’ची कुरकुरही कमी होईल.

मूल हरवू नये म्हणून

गर्दी कितीही टाळली तरी ही काळजी घ्यायलाच हवी.

• घरातून निघताना मोबाइलवर प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा.
• मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. नंबर पाठ करून घेतलेला उत्तम.
• आत शिरताच भेटण्याची एक जागा ठरवा आणि मुलांना ती प्रत्यक्ष दाखवा.
• चुकामूक झाली तर जिथे आहे तिथेच उभे राहायचे आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचे, हे घरीच समजावून ठेवा.
• एका मोठ्या माणसाकडे एकच मूल, अशी वाटणी करा. ‘सर्वांचे लक्ष आहे’ याचा अर्थ कोणाचेच लक्ष नाही. हे आम्ही मे महिन्यात शिकलो.

डबा नेण्यापूर्वी तिथला नियम विचारा. काही ठिकाणी खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, तर काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या बाटलीसाठी अनामत रक्कम घेतात. स्टीलची बाटली आणि कापडी पिशवी नेली तर हा प्रश्नच येत नाही.

थोडे प्राण्यांच्या बाजूने

गर्दीचा त्रास आपल्याला दिवसभर होतो, पिंजऱ्यातल्या प्राण्याला दर रविवारी होतो. तो उठून घरी जाऊ शकत नाही. आपल्यासारखी हजारो माणसे एकाच दिवशी त्याच्यासमोर उभी राहून ओरडतात, तेव्हा तो आडोशाला जातो आणि आपण म्हणतो, ‘‘इथे काहीच दिसत नाही.’’

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे किंवा तिथे कचरा टाकणे हा गुन्हा आहे. देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून काम करत आहे. पण प्रत्येक पिंजऱ्यापाशी पहारेकरी उभा करणे कोणालाच शक्य नाही. माकडाला शेंगदाणा टाकणारा हात मुलांनी आपल्याच घरात पाहिला तर फलकावरची सूचना ते कशाला मानतील? जुलैच्या त्या सकाळी पिंजऱ्याची देखभाल करणाऱ्या काकांनी आम्हाला सांगितले की रविवारी संध्याकाळी त्यांचा पहिला तास आत फेकलेल्या पिशव्या आणि बाटल्या वेचण्यात जातो. भाचा ते लक्ष देऊन ऐकत होता.

ज्यांना शक्य असेल त्यांनी म्हैसूरसारख्या ठिकाणची प्राणी दत्तक योजना पाहावी. ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याच्या खाण्याचा भार उचलता येतो. पक्ष्यांसारख्या लहान जिवांसाठी ही रक्कम कमी असते. वाढदिवसाच्या फुग्यांवर होणारा खर्च इकडे वळवायला हरकत नाही.

साप्ताहिक सुट्टी : एक दृष्टिक्षेप

सोमवार : हैदराबाद (नेहरू प्राणिसंग्रहालय), भुवनेश्वरजवळचे नंदनकानन, तिरुवनंतपुरम, बोरिवली (संजय गांधी राष्ट्रीय उद्यान)
मंगळवार : म्हैसूर, बंगळूरुजवळचे बनेरघट्टा, चेन्नईजवळचे वंडलूर
बुधवार : मुंबई (राणीची बाग), पुणे (कात्रज), जुनागढ (सक्करबाग)
गुरुवार : कोलकाता (अलीपूर), दार्जिलिंग
शुक्रवार : दिल्ली

सणासुदीला यात बदल होतो. शिवाय पक्ष्यांमध्ये साथ पसरली तर प्राणिसंग्रहालय काही दिवस बंदही ठेवावे लागते. २०१६ मध्ये बर्ड फ्लूमुळे दिल्लीचे प्राणिसंग्रहालय असेच बंद राहिले होते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी एक फोन करा किंवा अधिकृत संकेतस्थळ पाहा.

वर्षातून एखादा दिवस कार्यालयातून रजा घेणे फार अवघड नाही. नातेवाइकांच्या लग्नासाठी आपण ती घेतोच. तशीच एक रजा मुलांसाठी, मधल्या वारी, पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी घ्या. आमच्या नणंदबाईंनी आता पुढच्या वर्षीचा बेतही ठरवला आहे. भाच्याची अट एकच आहे. या वेळी बरोबर येणाऱ्या चुलत भावंडांना त्याने आधीच बजावून ठेवले आहे, ‘‘तिथे ओरडायचे नाही हं. ओरडले की वाघ येत नाही.’’